धावण्याचा हंगाम

पुण्याहून नगरला जाताना कोरेगाव भीमाचा पूल ओलांडला की चार-पाच किलोमीटरवर सणसवाडी लागते. आज तिथे कारखान्यांची फाटके आहेत, मालमोटारींच्या रांगा आहेत आणि सकाळ-संध्याकाळ हटकून होणारी वाहतूक कोंडी आहे. दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा म्हणजे दोन नद्यांमधला उघडा माळ होता. पश्चिमेला भीमा, पूर्वेला शिरूरपाशी घोड, मधे शिक्रापूरची वेळ नदी आणि बाकी ज्वारीची शिवारे. या माळावरून कित्येक पिढ्या माणसे कागद घेऊन पळत होती: पेशव्यांचे जासूद, सावकारांचे काशीद, कंपनी सरकारच्या डाकेचे हरकारे आणि गावोगावचे वतनदार महार. त्यांच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते त्यात हळहळ फार असते. काळोखी रात्र, अंगावर एक घोंगडी, हाडांत शिरणारा वारा आणि त्यातून धापा टाकत जाणारा बिचारा हरकारा, असे ते चित्र. या चित्रातली काळोखी रात्र खरी आहे आणि घोंगडीही खरी आहे, पण थंडीचा अर्थ उलटा लावलेला आहे. देशावरचे लांब पल्ल्याचे धावणे मुळात हिवाळ्याचा पेशा होते आणि थंडी-वारा ही त्या पेशाची सर्वांत मोठी सोय होती, असे माझे म्हणणे आहे. हे ध्यानात घेतले नाही, तर या वाटेवर घडलेल्या काही प्रसिद्ध घटनाही अर्ध्याच समजतात.

सुरुवात नदीपासून करायला हवी, कारण धावणाऱ्याचे वेळापत्रक नदीने ठरवले. सणसवाडी-शिरूरचा भाग पर्जन्यछायेत येतो. तिथे वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्या पावसाने कोणाची वाट अडत नाही. पण भीमा उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरात, घोडही सह्याद्रीतूनच येते, आणि तिथला पाऊस वेगळ्याच मापाचा. तुळापूरला भीमेत भामा आणि इंद्रायणी मिळतात आणि मग ते सगळे पाणी कोरेगावपाशी येते. म्हणजे सणसवाडीत आभाळ कोरडे असताना दोन कोसांवर नदी दुथडी भरून वाहते आहे, हा श्रावण-भाद्रपदातला नेहमीचा प्रकार. वर धरणे नव्हती, नदीवर पक्का पूल नव्हता. उताराची जागा पाण्याखाली गेली की उरायचा तो तर किंवा सांगड, आणि नावाडी म्हणेल तेव्हा पलीकडे जाणे. १८०३ च्या पावसाळ्यात जनरल आर्थर वेलस्ली पुण्याहून नगरकडे निघाला. त्या महिन्यांतल्या त्याच्या पत्रव्यवहारात नद्यांवरच्या होड्या, कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा नावा आणि त्या वेळेवर तयार होत नाहीत ही चिडचिड पुन्हा पुन्हा येते. पुढे ज्याने नेपोलियनला हरवले, त्या माणसाला दख्खनच्या नद्यांनी असे ताटकळत ठेवले होते. एका जासुदाची काय कथा! त्यात काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यात ही माती पायाला अशी धरते की दहा पावलांत प्रत्येक पायाला शेर-दीड शेराचे ओझे होते. वहाण घातली तर ती चिखलात राहते, काढली तर बाभळीचा काटा. दिवाळीनंतर तीच जमीन आवळून येते, पायवाटा कडक होतात, नद्या गुडघ्यापर्यंत उतरतात. मृगापासून हस्तापर्यंत जी वाट तीन दिवसांची असते, ती मार्गशीर्षात एका रात्रीची होते.

नदीने जे केले तेच राजकारणानेही केले. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाच्या तोंडाला छावणीस परतत. म्हणजे फौजा घरापासून लांब असण्याचे महिने साधारण कार्तिक ते वैशाख. पत्रांची निकड तेव्हाच: खर्चाला पैसे पाठवा, अमुक सरदाराने दगा दिला, तमुक किल्ला आला. पेशवे दप्तरातली पत्रे चाळली की लक्षात येते, मजकुराच्या आधी पत्रावर पोहोचल्याची नोंद असते, ‘पैवस्ती’ आणि तारीख. लिहिल्याची तारीख मजकुरात, पोहोचल्याची वर. दोहोंतले अंतर काढले की जासुदाचा वेग हाती येतो. कारकुनांनी ही नोंद त्या पळणाऱ्यांच्या कौतुकासाठी ठेवलेली नव्हती, उशीर झाला तर जबाब विचारता यावा म्हणून ठेवली होती. पण त्यांच्या कामाचा इतका नेमका पुरावा दुसरा नाही. त्याच पत्रांत ‘जासूद जोडी’ पाठवल्याचे उल्लेख येतात. माणसे दोन-दोन पाठवायची, एकाला ताप आला, साप चावला, चोरांनी गाठले तर दुसऱ्याने लखोटा पुढे न्यायचा. महत्त्वाचे पत्र असले तर त्याची नक्कल निराळ्या जोडीबरोबर निराळ्या वाटेने. आणि ही सगळी यंत्रणा सर्वांत जास्त राबायची ती हिवाळ्यात, कारण बातमी तेव्हाच पिकत होती.

आता खुद्द थंडीचा विचार करू. धावणाऱ्याच्या शरीरात जी शक्ती खर्ची पडते तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता टाकायची कुठे, हाच लांब पल्ल्याच्या धावण्याचा मुख्य प्रश्न. हवा गार असेल तर तो आपोआप सुटतो. हवा तापलेली असेल तर घामावाटे पाणी जाते, रक्त घट्ट होते, पाय जड होतात. आज जगभरच्या मॅरेथॉनमध्ये चांगल्या वेळा नोंदल्या जातात त्या साधारण पाच ते बारा अंशांच्या हवेत. पुणे परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेचे तापमान नेहमी दहा-बाराच्या आसपास असते. शिरूरकडच्या उघड्या माळावर ते आणखी दोन-तीन अंशांनी उतरते. कडाका पडला तर त्याहूनही खाली जाते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. पण असे दिवस विरळा. एरवी देशावरची थंडी म्हणजे धावण्यासाठी जणू मागवून घेतलेली हवा. उलट चैत्र-वैशाखात याच माळावर पारा चाळिशी ओलांडतो, ओढे आटलेले असतात आणि कोसा-दोन कोसांवर पाणी मिळेलच याची खात्री नसते. हिवाळ्यात ओढ्यांना पाणी असते, विहिरी वर असतात, शिवारात ज्वारी पुरुषभर उभी असते. त्या ज्वारीचे तीन उपयोग. वाऱ्याला आडोसा, पाठलाग झाला तर लपायला जागा आणि पौषात कणीस भरले की मूठभर हुरडा, ज्यासाठी चूल पेटवायला थांबावे लागत नाही.

वाऱ्याचे काय, असे कोणी विचारील, कारण वारा हा धावणाऱ्याचा शत्रू असे सगळेच मानतात. समोरून आला तर तो शत्रू खराच. पण वाऱ्यालाही दिशा असते. हिवाळ्यात दख्खनवर वारा मुख्यतः पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो, आणि पुणे-नगर वाट जवळजवळ ईशान्येलाच जाते. म्हणजे पुण्याहून शिरूरला निघालेल्याच्या तोंडावर वारा आणि शिरूरहून पुण्याला येणाऱ्याच्या पाठीवर. जाताना त्रास, येताना मदत. शिवाय हिवाळ्याच्या निरभ्र रात्री वारा बहुधा पडलेला असतो, तो उठतो ऊन चढल्यावर. जुने वाटसरू पहाटेच्या आधी निघत ते उन्हाच्या भीतीने, हे खरेच. पण वारा उठायच्या आत निम्मी वाट कापता येते हाही हिशेब त्यात होता, असे मानायला हरकत नाही.

थंडी माणसाला गाठते ती तो थांबल्यावर. पळून आलेल्याचे अंगरखा-मुंडासे घामाने भिजलेले असते. चौकीवर पुढचा गडी जागा व्हायला वेळ लागला, नदीकाठी नावाड्याची वाट पाहावी लागली, की तोच घाम गार होतो आणि दहा मिनिटांत हुडहुडी भरते. म्हणून चौकीवर शेकोटी हवी, आणि घोंगडी पळताना पांघरायची नव्हे, खांद्यावर घडी करून न्यायची वस्तू. ती उलगडायची बसल्यावर. हरकाऱ्याच्या चित्रात चितारी नेहमी त्याच्या अंगावर घोंगडी दाखवतात. तशी ती पांघरून कोणी कोसभर पळून पाहावे. घोंगडी धनगरी लोकरीची, वजनाला चांगली तीन-चार शेर. ती अंगावर घेऊन पळणे म्हणजे स्वतःलाच उकडून घेणे.

यावर पहिला आक्षेप पानिपताचा येईल. तिथल्या थंडीने दख्खनी माणसाचे हाल केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गोष्ट खरी आहे. पण हाल झाले ते महिनोन्महिने एका जागी अडकलेल्या, अन्न तुटलेल्या, पुरेसे कपडे नसलेल्या लष्कराचे. त्याच थंडीतून, त्याच आठवड्यात, एक काशीद दक्षिणेकडे पळत होता आणि इतिहासात त्याची नोंद आहे. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा भाऊसाहेबांच्या मदतीला उत्तरेकडे निघालेले. त्यांना पराभवाची बातमी सरकारी डाकेने कळली नाही. सावकारांचा काशीद पत्र घेऊन औरंगाबादेच्या पेढीकडे चालला होता, तो वाटेत पेशव्यांच्या लोकांनी धरला आणि पत्र फोडले. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेला तो मजकूर मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. इतिहासकार ग्रँट डफ ही घटना नर्मदा ओलांडतानाची म्हणून सांगतो आणि काशिदाने नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचे होते असे म्हणतो. सरदेसाईंनी स्थळ दिले आहे भेलसा आणि तारीख २४ जानेवारी.

हे दोन तपशील शेजारी ठेवून गणित केले पाहिजे, ते सहसा कोणी करत नाही. पानिपत ते औरंगाबाद हे अंतर साधारण तेराशे किलोमीटर. नऊ दिवसांत ते कापायचे म्हणजे रोज एकशे चाळीसच्या वर. एका माणसाच्या पायांना हे झेपणारे नाही. वाटेत माणसे बदलत असतील किंवा उंट असेल तरच ते जमेल, नाहीतर नऊ दिवसांचा आकडा सांगणाऱ्याच्या तोंडी थोडा फुगला असेल. पण पानिपत ते भेलसा हे अंतर साडेसातशे-आठशे किलोमीटर, आणि मधे दहा दिवस. रोजचे सत्तर-ऐंशी किलोमीटर. निष्णात काशीद सलग दहा दिवस हे करू शकतो. कठीण आहे, अशक्य नाही. म्हणजे सरदेसाईंची तारीख आणि जागा धरली तर माणसाच्या पायांचा हिशेब बरोबर जुळतो. आणि हा हिशेब जुळतो तो जानेवारीत. हेच पत्र जुलैत निघाले असते तर चंबळ आणि बेतवा यांनी काशिदाला किती दिवस काठावर बसवून ठेवले असते याचा अंदाज करावा. सावकाराला पैशाची काळजी होती म्हणून त्याचा काशीद राज्याच्या डाकेपुढे गेला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि ते मला पटते. लढाई हरल्यावर सरकारी डाकेचा धनीच नाहीसा होतो. पेढी मात्र हार-जीत दोन्हीकडून चालू असते, काशिदाचा मेहनताना, म्हणजे अजुरा, ठरलेला असतो, वेळेवर पोहोचल्यास बक्षीसही.

दुसरा आक्षेप घोड्याचा. मराठ्यांची ओळखच घोड्यावरून, मग कागद पायी का जावेत? कागद घोड्यावरून आणि सांडणीवरूनही जात, तातडीच्या निरोपाला सांडणीस्वार धाडल्याचे उल्लेख कमी नाहीत. पण घोडा पहिल्या दिवशी माणसाला मागे टाकतो, चौथ्या-पाचव्या दिवशी नाही. त्याला दाणा हवा, वैरण हवी, टापांना नाल हवे, रात्री चोरांपासून राखण हवी. मुख्य म्हणजे घोडेस्वार दिसतो. शत्रूच्या मुलखातून जाताना घोंगडी खांद्यावर टाकलेला माणूस हा माणसांतला एक माणूस. स्वार म्हटला की दहा जण विचारतात कुणाचा, कुठचा. काशिदाचे शस्त्र म्हणजे त्याचे सामान्य दिसणे. शिवाय खर्चाचा भाग आहेच. पायी जोडीचा अजुरा आणि घोडा पोसण्याचा खर्च यांची तुलनाच नव्हती.

तिसरा आक्षेप थोडा खोचक आहे, पण रास्त आहे: ही माणसे खरेच धावत होती, की झपझप चालत होती? रोजचे सत्तर-ऐंशी किलोमीटर ताशी सहाच्या गतीने काढले तर बारा-तेरा तास लागतात. म्हणजे एकट्याने लांब जाणारा काशीद बहुतेक वेळ चालत असणार. सपाटीवर आणि उतारावर दुडकी चाल, चढाला चाल. कंपनीच्या डाकेत गोष्ट वेगळी. तिथे टप्पे ठरलेले, एकेका हरकाऱ्याच्या वाट्याला काही मैल, थैली पुढच्याच्या हाती देऊन मागे फिरायचे. टप्पा लहान असल्यामुळे तो पळूनच काढता येई, घुंगरांच्या आवाजाने पुढच्या चौकीला आधीच जाग येई. तेव्हा धावणे या शब्दाने आज मैदानावरची जी प्रतिमा उभी राहते ती जासुदाला लावू नये, हे मान्य. त्याने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. दुडक्या चालीने बारा तास जाणाऱ्याला गार हवेची गरज दोन तास जोरात पळणाऱ्याइतकीच असते.

आता पुन्हा सणसवाडीच्या वाटेवर येऊ, कारण इथे हा सगळा हिशेब एका हिवाळ्यात कसाला लागला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला आणि त्यानंतर पेशव्यांच्या नावावर ठेवलेली इंग्रजांची तैनाती फौज शिरूरला, घोडनदीच्या काठी, छावणी करून राहिली. पुण्यात संगमावर रेसिडेन्सी आणि शिरूरला फौज. मधे सदुसष्ट-अडुसष्ट किलोमीटरची वाट. पंधरा वर्षे इंग्रजांची पुण्यातली सत्ता या वाटेवरून जाणाऱ्या थैलीवर उभी होती. १८१७ च्या पावसाळ्याअखेर रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला युद्ध दिसू लागले, तेव्हा जनरल स्मिथ फौज घेऊन गोदावरीवर पुणतांब्याला होता. एल्फिन्स्टनने त्याला सूचना देऊन ठेवली होती: पुण्याशी दळणवळण तुटले की पुण्याकडे निघायचे. ही सूचना नीट पाहावी. डाक आली नाही तर तेच बोलावणे समजायचे. अशी खूण ठेवता येते ती डाक एरवी ठरल्या वेळी येते याची पक्की खात्री असेल तरच, आणि पाऊस संपून नद्या उतरू लागल्यावरच. भर पावसाळ्यात दोन दिवस डाक चुकली तर त्याचा अर्थ भीमेला पूर आला, याहून जास्त काही निघाला नसता. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, वाटा पेशव्यांच्या स्वारांनी बंद केल्या, आणि स्मिथ नगर-शिरूर मार्गाने १३ तारखेला पुण्यापाशी येऊन ठेपला. पेशव्यांच्या बाजूने डाक तोडण्याचे काम चोख झाले होते. पण त्या चोखपणानेच शत्रूला निरोप पोहोचवला. युद्धाच्या इतिहासात या विपर्यासाकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही.

सहा आठवड्यांनी बाजीराव दुसरे पाठलाग चुकवून पुन्हा पुण्याच्या दिशेने आले. पुण्यात कर्नल बर होता. त्याने शिरूरला मदत मागितली. ती चिठ्ठी पुणे-शिरूर वाटेनेच, वर्षाच्या शेवटच्या थंडीत कोणीतरी नेली. कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन ३१ डिसेंबरला रात्री आठच्या सुमारास निघाला. बरोबर पाचशेच्या आसपास पायदळ, ज्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, अडीचशे-तीनशे स्वार, दोन तोफा आणि चोवीस गोरे गोलंदाज. रात्र वद्य अष्टमीच्या आसपासची, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची. कारेगाव, रांजणगाव, कोंढापुरी, शिक्रापूर, सणसवाडी या पट्ट्यातून तोफा ओढत, पंचवीस मैलांहून जास्त वाट तुडवून ही पलटण सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावच्या उंचवट्यावर आली आणि पलीकडच्या काठावर पेशव्यांची फौज दिसली. पुढच्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे, तिच्या स्मरणार्थ उभ्या असलेल्या दगडी स्तंभाला आज जे स्थान आहे तेही सर्वांना ठाऊक आहे. इथे मुद्दा फक्त त्या रात्रीचा. पुरेशा झोपेविना चौदा तासांत चाळीस किलोमीटर चालून आलेले शिपाई पुढे रात्री नऊपर्यंत लढू शकले, याची कारणे शिस्त आणि जिद्द यांत शोधली जातात. ती आहेतच, हवेलाही तिचा वाटा द्यायला हवा. लढाईच्या वर्णनांत ठसते ती तहान. नदीचा काठ शत्रूच्या ताब्यात, वर ऊन, पाण्यासाठी वेडीपिशी झालेली माणसे. त्या माणसांना जेरीस आणले दिवसाच्या उन्हाने आणि पाण्यावाचून. रात्रीच्या गारठ्याने त्यांना चालते ठेवले होते. उन्हाळ्यात हीच मजल मारून आलेली पलटण दहा वाजता लढण्याच्या अवस्थेत राहिली असती, असे मला वाटत नाही. आणि पेशव्यांच्या पायदळाच्या तुकड्या भीमा पायी ओलांडून गावावर चालून आल्या. हाही हिवाळ्याचाच पुरावा. ऑगस्टात त्या जागी लढाई झालीच नसती. दोन्ही फौजा समोरासमोर बसून राहिल्या असत्या.

इथवरच्या मांडणीला एक गंभीर उत्तर देता येते, आणि ते टाळणे बरे नव्हे. हिवाळा सोयीचा, हवा उत्तम, हे म्हणणे अजुरा घेऊन जाणाऱ्या काशिदाला ठीक. पण गावच्या महाराला विचारा. वतनाच्या कामांत सरकारी कागद आणि निरोप पुढच्या गावी पोहोचवणे हे एक काम होते. त्याला हंगाम नव्हता, वेळ नव्हती आणि ठरलेला मोबदलाही नव्हता. बलुत्याचे धान्य गावाच्या मर्जीवर आणि इनामाचा तुकडा वाटणीत तुटत गेलेला. रात्री हाक आली की उठायचे, पुढच्या शिवेवर कागद द्यायचा आणि परतायचे. मार्गशीर्षातल्या त्या परतीच्या वाटेवर घाम गार होत असताना अंगावर काय होते, हा प्रश्न आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली आणि पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९२८ ला, मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनदाराकडून रात्रंदिवस, वाटेल ते काम, घरातल्या कोणाकडूनही करून घेतले जाते, ही त्यामागची तक्रार होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा हवा सर्वांना सारखीच अनुकूल होती, पण तिचा लाभ घेता येणे हे शेकोटी, घोंगडी आणि विसाव्याच्या जागेवर अवलंबून होते, आणि या तिन्ही गोष्टी जातीनुसार वाटल्या गेल्या होत्या. चौकीच्या ओसरीवर कोणाला बसू द्यायचे हे गाव ठरवत असे. हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, पण त्याला मर्यादा घालतो आणि ती मला मान्य आहे: हिवाळा पळणाऱ्याचा मित्र, थांबणाऱ्याचा नव्हे, आणि थांबल्यावर दार कोणाला उघडत असे, हा वेगळा इतिहास आहे.

या पेशाचा हंगाम बुडाला तो दोन गोष्टींनी. एक पूल, दुसरी आगगाडी. नद्यांवर पक्के पूल झाले तशी पावसाळ्यातली अडचण सरली आणि बारा महिने सारखे झाले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. पुण्याची रेल्वे दौंडला गेलेलीच होती, त्यामुळे नगरला जायला दौंडवरून गाडी मिळू लागली आणि दीडशे वर्षांची शिरूरची वाट मुख्य टपालापुरती आडवाट झाली. गंमत अशी की ती गाडी शिरूर तालुक्याला वळसा घालून गेली आणि आजही तालुक्यात रेल्वे नाही. म्हणून तिथल्या गावांची टपाल-थैली बराच काळ टांग्याने आणि माणसाच्या खांद्यावरूनच जात राहिली. १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले, तेव्हा पत्रे वाढली आणि पळणारेही आधी वाढलेच. पण तो आता नोकरीतला पळणारा होता, बिल्ला आणि टप्पा ठरलेला; पानिपताहून औरंगाबादला नऊ दिवसांत जाण्याची पैज त्याला कोणी घालत नव्हते.

पळणे पेशा राहिले नाही तेव्हा ते खेळ झाले, आणि तेही याच जिल्ह्यात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९१९ च्या सुमाराच्या शर्यतींत खेड्यातली अनवाणी पोरे लांब पल्ल्याला युरोपातल्या वेळांच्या जवळपास पळताना पाहिली, आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. बेळगावकडच्या फडेप्पा चौगुले यांनी तिथली पावणेत्रेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. सदाशिव दातार यांना शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. जासुदांच्या घराण्यांतून हे धावपटू आले, असा धागा जोडायचा मोह होतो, पण तसे म्हणायला आधार नाही. शेतात आणि माळावर अनवाणी वाढलेल्या पायांचा वारसा तेवढा समान. १९८३ मध्ये पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तिची प्रथा डिसेंबरच्या पहिल्या रविवारची. मुठेवर आता इतके पूल आहेत की नदी उतरण्याची वाट कोणालाच पाहावी लागत नाही. आयोजकांनी पाहिली ती फक्त हवा. काशिदांच्या हंगामाला नदी आणि हवा अशी दोन कारणे होती, त्यांतले एक गळाले आणि दुसरे अजून लागू आहे.